घरची बिअर: तीन बॅचच्या नोंदी

काम झाले त्याच रात्री या नोंदी लिहिल्या. नंतर फक्त आकडे पुन्हा तपासले आहेत. प्रत्येक बॅच साधारण दहा लिटरची, वाळवलेल्या माल्ट पावडरपासून केलेली. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव. ते भरडून, गरम पाण्यात मुरवून वॉर्ट, म्हणजे आंबवायचे गोड पाणी, काढण्याच्या वाटेला अजून गेले नाही. सोबत धाकटा भाऊ. आपल्याकडे घरी बिअर करायला कायद्याने मुभा आहे का, ते सामान आणण्याआधी बघून घ्या.

५ मार्च. पहिली बॅच, उकळ

माल्ट पावडर १.२५ किलो, रंग आणि गोडव्यासाठी क्रिस्टल माल्ट १५० ग्रॅम, कडवटपणा आणि वास देणाऱ्या कॅस्केड हॉप्स या फुलांच्या गोळ्या २५ ग्रॅम, यूएस-०५ या कोरड्या यीस्टचे ११.५ ग्रॅमचे पाकीट. भांडी म्हणजे दहा लिटरचे स्टीलचे पातेले आणि पंधरा लिटरची, झाकणाची, खाली तोटी बसवलेली प्लास्टिकची बादली. पहिल्या खेपेच्या खर्चात निम्म्याहून जास्त वाटा बादली, बूच लावायचे यंत्र आणि मोजमापाच्या वस्तूंचा होता. हा खर्च एकदाच होतो. नंतर प्रत्येक वेळी लागतात ते माल्ट, हॉप्स आणि यीस्ट, आणि त्यात जड जाते ते माल्ट.

क्रिस्टल माल्ट मलमलच्या पिशवीत बांधून आठ लिटर पाण्यात ६८ अंशांवर अर्धा तास ठेवले. इथवर सगळे सुरळीत.

माल्ट पावडर घालताना गॅस चालू ठेवला, ही पहिली चूक. वाफेने पावडरचे गोळे झाले, काही तळाला जाऊन चिकटले. पातेले उतरवून लाकडी उलथन्याने खरवडून काढावे लागले, त्यात वीस मिनिटे गेली. पावडर घालताना गॅस बंद करायचा, गोळे पूर्ण मोडायचे आणि मगच पेटवायचा.

दुसरी चूक लगेच पाठोपाठ. उकळी फुटताना वॉर्टवर दाट, पिवळसर साय धरल्यासारखा फेस आला. त्याच क्षणी मी हॉप्सचे पहिले १५ ग्रॅम टाकले आणि दोन सेकंदांत अर्धा लिटर वॉर्ट ओट्यावर. वॉर्ट वाळला की पाकासारखा कडक होतो. शेगडी साफ करायला उकळीइतकाच वेळ गेला. हा फेस पाच-दहा मिनिटांत आपोआप बसतो. तो बसल्यावर हॉप्स टाकायचे आणि साठ मिनिटे तिथून मोजायची. उरलेले १० ग्रॅम शेवटच्या दहा मिनिटांत घातले.

थंड करण्यासाठी पातेले सिंकमधल्या पाण्यात ठेवले. एक तास झाला तरी ६० अंश. कंटाळून वॉर्ट बादलीत ओतला आणि वर साधे पाणी घालून दहा लिटर केले. द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटर बुडवला (साखर जास्त तितका आकडा मोठा) तर १.०४०. हिशेबाने १.०४८ यायला हवे होते. वॉर्ट पातळ झाला असे धरून २०० ग्रॅम साखर अर्ध्या लिटर पाण्यात उकळून त्यात ओतली.

रात्री नोंदी लिहिताना हायड्रोमीटरच्या डबीवर २० अंश सेल्सियस असे छापलेले दिसले. मी मोजले तेव्हा वॉर्ट ४५ अंशांवर होता. गरम द्रव हलका असतो, त्यामुळे आकडा कमी येतो, आणि ४५ अंशांवर तो बरोबर ०.००८ ने कमी येतो. म्हणजे वॉर्ट मुळात १.०४८ च होता. साखर कारण नसताना गेली. गार झालेल्या नमुन्याचा आकडा आता १.०५३ आहे.

यीस्ट २९ अंशांवर टाकले. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, आणखी थांबायची ताकद नव्हती.

७ मार्च

छत्तीस तास झाले, एअरलॉकमध्ये, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न घेणाऱ्या झाकणावरच्या नळीत, एक बुडबुडा नाही. यीस्ट मेले असे वाटून दुसरे पाकीट आणायला निघाले होते. भाऊ म्हणाला, "ताई, आधी झाकण उघडून तर बघ." उघडले तर आत चार बोटे फेस आणि कडेला तपकिरी वलय. आंबवण जोरात चालू होते, वायू झाकणाच्या कडेने निघून जात होता. वायसर एका जागी दुमडलेला होता.

एअरलॉक शांत आहे म्हणून काही ठरवू नका. कडेचे वलय पाहा, आणि दोन-तीन दिवसांनी हायड्रोमीटरने मोजा.

बादलीला बाहेरून चिकटवलेली तापमानाची पट्टी ३१ अंश दाखवते आहे. खोली २७. यीस्ट काम करताना स्वतः उष्णता सोडते, हे वाचले होते. चार अंशांचा फरक डोळ्यांनी पाहिला तेव्हा पटले.

१२ मार्च. बाटल्या भरल्या

काल आणि आज दोन्ही वेळा हायड्रोमीटरवर १.००९, म्हणजे आंबवण थांबले. हिशेबाने मद्यार्क ५.८ टक्के. साखरेमुळे ठरवल्यापेक्षा जास्त.

चौदा बाटल्या भरल्या, प्रत्येकी ६५० मिली. बाटलीत वायू व्हावा म्हणून प्रत्येकीत चमच्याने साखर टाकली. पहिले सहा चमचे सपाट होते, नंतर हात सैल पडला आणि शिगोशीग जाऊ लागले. नुसत्या डोळ्यांनी पाहिले तरी दोन बाटल्यांतल्या साखरेत दीडपट फरक होता.

२६ मार्च. पहिला घोट

बूच काढताच वास आला तो रंगाच्या थिनरचा. चव घशाला जाळणारी, मागून कोरडी. काही बाटल्या मवाळ, काही ग्लासभर फेस ओतणाऱ्या, म्हणजे साखरेच्या चमच्यांनी आपले काम केले होते. अर्ध्या ग्लासानंतर डोके जड झाले.

कारण तापमानात आहे. ३० अंशांच्या वर यीस्ट घाईने काम करते आणि साध्या मद्यार्कासोबत जड मद्यार्क तयार करते, त्याला फ्यूजल म्हणतात. माल्टमध्ये दोष नव्हता, हॉप्सही ताजे होते. दहा बाटल्या मोरीत ओतल्या. चार ठेवल्या, मुरल्यावर सुधारतात का बघायला.

ओतताना जीव तुटला, हे लिहायला हवे. पूर्ण रविवार, पुढचा आठवडा रोज पट्टी पाहणे, चौदा बाटल्या हाताने धुणे, आणि शेवटी सिंकमध्ये तो वास.

२ एप्रिल. दुसरी बॅच

माल्ट, हॉप्स, यीस्ट सगळे तेच ठेवले. पाककृती बदलली असती तर काय सुधारले ते कळले नसते. बदल फक्त थंड करण्यात आणि तापमानात.

वरून घालायचे तीन लिटर पाणी आदल्या रात्री उकळून, झाकून फ्रिजमध्ये ठेवले होते. पातेले बर्फाच्या पाण्याच्या टबात. बर्फ दोनदा बदलला, आणि निर्जंतुक केलेल्या पळीने वॉर्ट सतत हळू फिरवत राहिलो. पळी थांबली की मधला वॉर्ट गरम राहतो आणि फक्त कड गार होते. पन्नास मिनिटांत २८ अंश. गार पाणी मिसळल्यावर २१. आकडा १.०४८.

यीस्ट टाकण्याआधी वॉर्ट एका बादलीतून दुसरीत उंचावरून दोनदा ओतला, कारण यीस्टला सुरुवातीला प्राणवायू लागतो. हे फक्त गार वॉर्टच्या बाबतीत आणि फक्त सुरुवातीला. आंबवण झाल्यावर बिअरला हवा लागू द्यायची नाही. तेव्हाच्या हवेने ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते.

वायसर कोमट पाण्यात मऊ करून नीट बसवला.

३ ते ८ एप्रिल

बादली एका मोठ्या टबात, टबात अर्ध्या उंचीपर्यंत पाणी. बादलीला जुनी सुती चादर गुंडाळून तिचे टोक पाण्यात सोडले, समोर टेबलफॅन. पाण्यात गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या, सकाळी दोन आणि रात्री दोन.

पहिला दिवस: खोली २७, बादली २०. चौदा तासांनी एअरलॉक बोलू लागला.

दुसरा दिवस: कामावरून यायला उशीर झाला, बर्फ वितळलेला, पट्टी २३ वर. त्या रात्री तीन बाटल्या टाकल्या तर पहाटे १७. इतका खाली-वर हेलकावा बरा नाही. खूप गार झाले तर यीस्ट तळाला बसते. तेव्हापासून एका वेळी एकच बाटली, पण दिवसातून चारदा.

तिसरा आणि चौथा: १९ ते २०. जोर ओसरला.

पाचव्या दिवसापासून बर्फ बंद केला आणि बादलीला हळूहळू खोलीच्या तापमानावर येऊ दिले. शेवटी थोडी ऊब मिळाली की यीस्ट स्वतःच सोडलेले लोण्याच्या वासाचे आणि हिरव्या सफरचंदाच्या वासाचे पदार्थ परत ओढून घेते. जपायचे ते पहिले तीन-चार दिवस. त्या दिवसांत घराबाहेर मुक्काम असेल तर बॅच लावू नका.

१६ एप्रिल. बाटल्या

१३ तारखेला १.०११, आजही १.०११. मद्यार्क ४.९ टक्क्यांच्या आसपास.

या वेळी साखर वजनाने घेतली. नऊ लिटरला ५६ ग्रॅम, दीडशे मिली पाण्यात पाच मिनिटे उकळून, गार करून दुसऱ्या स्वच्छ बादलीच्या तळाशी ओतली. तोटीला नळी लावून बिअर त्यावर सोडली. नळीचे टोक तळाला गोल टेकवले, म्हणजे फेस न होता साखर आपोआप मिसळते. तळाचा साका मागे राहिला.

तेरा काचेच्या बाटल्या आणि एक प्लास्टिकची. प्लास्टिकची मुद्दाम भरली. ती दाबून पाहिली की आत वायू किती झाला ते कळते, एकही बूच न काढता. सगळ्या जाड झाकणाच्या खोक्यात ठेवल्या.

३० एप्रिल

चांगली झाली आहे. थिनरचा वास नाही. आधी हॉप्सचा लिंबाच्या सालीसारखा वास, मग माल्टचा हलका गोडवा, शेवटी कडवटपणा. फेस पांढरा आणि टिकणारा. भाऊ ग्लास उजेडात धरून बराच वेळ बघत होता.

पहिल्या बॅचमधली ठेवलेली एक बाटली शेजारी उघडली. महिन्याभराने तीत काहीच फरक पडलेला नाही. उरलेल्या तीन ओतून टाकल्या.

२१ मे

पहाटे फटाका फुटावा तसा आवाज. खोक्यातली एक बाटली फुटली होती. खोक्याच्या झाकणाने काच अडवली, नाहीतर ती खोलीभर उडाली असती.

उरलेल्या आठ बाटल्या. डोळ्यांवर चष्मा, हातात जाड मोजे, प्रत्येक बाटलीला टॉवेल गुंडाळून आधी फ्रिजमध्ये. गार द्रवात वायू विरघळून राहतो, दाब उतरतो. सहा तासांनी बाहेर नेऊन टॉवेलच्या आडून एकेक बूच सैल केले. दोन बाटल्या अर्ध्याहून जास्त उसळून गेल्या.

तीन आठवड्यांपूर्वी इतकी चांगली असलेली बिअर आता पातळ, किंचित आंबट, मागे लवंगेसारखी चव. वायू पूर्ण काढून मोजले तर १.००४. बाटल्या भरल्या तेव्हा १.०११ होते. म्हणजे आपले यीस्ट जी साखर खाऊ शकत नाही, ती खाणारे दुसरे काहीतरी बाटलीत शिरले होते. ०.००७ ची ही घसरण म्हणजे साखरेने आम्ही मुद्दाम भरला होता त्याच्या दुपटीहून जास्त जादा वायू. साध्या बिअरच्या काचेला हा दाब झेपण्यासारखा नाही.

आंबवण पूर्ण व्हायच्या आत बाटल्या भरल्या तरी असेच होते. पण इथे तीन दिवस आकडा स्थिर होता आणि दोन आठवड्यांनी चवही ठीक होती. नंतर, हळूहळू बिघडली. म्हणून संशय थेट स्वच्छतेवर.

२२ मे. तोटी

अख्खी दुपार यात गेली, पण नोंदीतला हा भाग सगळ्यांत उपयोगाचा ठरावा.

बादलीला आतून ओरखडा नव्हता. स्पंजनेच धुतली होती. नळी नवीन. बाटल्या आदल्या रात्री भिजवलेल्या आणि उजेडात धरून पाहिलेल्या. राहिली तोटी. प्रत्येक वेळी तिच्यातून गरम पाणी सोडत होतो, मग निर्जंतुक करायचे द्रावण. बाहेरून चकचकीत.

ती सुटी होते हे मला माहीत नव्हते. गरम पाण्यात पाच मिनिटे ठेवून खालून अंगठ्याने जोर दिला, तसा फिरणारा आतला भाग टक् करून वर आला. बाहेरची नळी आणि आतला भाग यांच्यामध्ये भाताच्या शितावर बुरशी धरावी तसा तपकिरी, बुळबुळीत थर. एका बाजूला हॉप्सचा हिरवा कण चिकटलेला. वास आंबट, ओल्या फडक्यासारखा. पहिल्या बॅचचा वॉर्ट त्या फटीत मार्चपासून बसला होता, आणि दुसऱ्या बॅचची सगळी बिअर त्याच्यावरून बाटल्यांत गेली.

द्रावण कमी पडले असे म्हणता येणार नाही. निर्जंतुक करणारे द्रावण फक्त स्वच्छ पृष्ठभागावर काम करते. मळ असेल तर वरचा थर मरतो, खालचा जिवंत राहतो. आधी धुवायचे, डोळ्यांनी पाहायचे, बोटाने चाचपायचे, आणि मग द्रावण. तोटी ही अख्ख्या सामानातली सगळ्यांत स्वस्त वस्तू आहे. पहिल्याच दिवशी सुटी करून पाहिली असती तर नऊ बाटल्या वाचल्या असत्या.

नवी तोटी आणली. जुनी सोडियम परकार्बोनेटच्या गरम पाण्यात भिजवली तर डाग निघाला, पण ती आता फक्त धुण्याच्या बादलीला. नळी आणि वायसरही बदलले. दुसऱ्या बादलीची तोटी उघडली तर तिच्यातही थर होता, पातळ.

एक सावधगिरी: धुताना ब्लीच वापरत असाल तर ते आम्लाच्या द्रावणाजवळही नेऊ नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. आम्ही ब्लीच घरातल्या या कामातून काढूनच टाकले.

२८ मे. तिसरी बॅच

सगळे दुसऱ्या बॅचसारखेच. पूर्ण दिवसाचे काम आता साडेचार तासांत झाले. आकडा १.०४८, यीस्ट २० अंशांवर.

नमुना घेताना तोटी वापरली नाही. निर्जंतुक केलेल्या पिपेटने वरून घेतला आणि नमुना परत बादलीत ओतला नाही. पहिल्या दोन बॅचमध्ये ओतत होते. शंभर मिली वाचवण्यासाठी सगळी बॅच पणाला लावण्यात अर्थ नाही.

११ जून

८ तारखेला आणि आज १.०११. भरण्याआधी दोन्ही तोट्या सुट्या करून धुतल्या. हे भाऊ करतो, मला दाखवतो, मग जोडतो. तेरा काचेच्या, एक प्लास्टिकची. खोक्यावर तारीख लिहिली.

२५ जून

दोन आठवडे. चव दुसऱ्या बॅचसारखीच चांगली. पण दुसरीही याच टप्प्यावर चांगली होती, म्हणून आज काही ठरवत नाही. सहा बाटल्या हात न लावता ठेवल्या.

२३ जुलै

सहा आठवडे. प्लास्टिकची बाटली महिन्यापूर्वी होती तेवढीच घट्ट. तरी चष्मा आणि टॉवेल घेऊन एक बूच उघडले. बारीक फुस्स झाले, धुराची एक रेघ मानेतून वर आली आणि फेस बाटलीतच राहिला. साका तळाला पातळ आणि घट्ट बसलेला, ओतताना हललाही नाही.

पिण्याआधी शंभर मिली वेगळी काढली. दोन भांड्यांत पुन्हा पुन्हा ओतून वायू घालवला आणि २० अंशांवर आणून हायड्रोमीटर सोडला. भाऊ वाकून रेघ वाचत होता.

१.०११.